सातचा आकडा

स्वाती : अंकुश, अजून एकदा चालव.

अंकुश : मॅडम, कितीदा चालवू? कंप्युटरले का दया येते? आपण लेखात लिहिलं, तुमसरकडच्या राइस मिलमधल्या दहातल्या सहा बायांले खोकला. मूळ फाइल चालवली का तीनच येतात. लेख छापणाऱ्या जर्नलवाल्यांलेही तपासणीत तीनच आले.

स्वाती : मग सहा आणले कुठून आपण?

अंकुश : खोकल्याच्या रकान्यात एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आन हे पाहा, ढीगभर सात. मी ते सारे एक करून टाकले होते.

स्वाती : कोडमध्ये तर दिसत नाही.

अंकुश : एक्सेलमध्ये हातानंच केलं. मिलवर फॉर्म भरणाऱ्या शालूनं फोनवर सांगितलं होतं, सात म्हणजे हो पकडा. वाटलं, आपल्यालेच तर माहीत पाहिजे. लिहाचं कायले?

स्वाती : आपल्यालेच! अरे, त्या लेखामुळे त्या बायांच्या वस्तीत दर महिन्याले डॉक्टर येऊन राहिला. लेख मागे घेतला तर मिलवाले म्हणतील, सारं खोटं होतं. लाव शालूले फोन.

(फोन स्पीकरवर आहे.)

शालू : सात? हो जी, मीच काढला होता. बाया मिलच्या फाटकावर भेटत. मुकादम बाजूलेच उभा. खोकला आहे का इचारलं का म्हणत, नाही जी. आन म्हणता म्हणताच ढास लागे. दोन लिहाले माहा हात नाही धजला. सात लिहून देलं.

स्वाती : म्हणजे खरंच होतं! अंकुश, हेच कळवू त्यांना.

शालू : पण मॅडम, माह्यासंग फॉर्म भरणारा कुलदीपही सात लिहे.

स्वाती : यासाठीच ना?

शालू : नाही जी. बाई बोललीच नाही आन मुकादमानंच उत्तर देलं, तर तो सात लिहे.

स्वाती : अंकुश, कोणाचा फॉर्म कोणी भरला, तो रकाना?

अंकुश : काढला. फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून.

स्वाती : आन कागद?

अंकुश : ऑफिस बदललं तेव्हा रद्दीत गेले.

स्वाती : देवा... शालू, त्याच बायांले पुन्हा विचारलं तर?

शालू : आता कोणी तोंड नाही उघडत जी. कुंताबाई आठवते? मले म्हणे, "पोरी, माहा खोकला लिहू नको, पण पाहून ठेव." ते तर दिवाळीतच गेली.

अंकुश : मॅडम, जर्नलले आजच उत्तर द्याचं आहे. सातचा अर्थ काय लिहू?

स्वाती : लिही... नोंद ठेवली नाही.

अंकुश : मग लेख जाईल.

स्वाती : जाऊ दे. खोटं किती दिवस लिहू?

शालू : मॅडम, फोन नका ठेवू. या बुधवारी आमच्या वस्तीत डॉक्टर येईल ना? माय कालपासून खोकलून राहिली.