कॉफी खाली ठेवलीत म्हणून

…आणि कॉफी न पिता खाली ठेवलीत म्हणून मी सही करीन, असं वाटलं का तुम्हाला, डॉक्टर अरीज? मागणं मान्य झाल्याशिवाय पेला तोंडाला लावायचा नाही — ही रीत तंबूतल्या म्हाताऱ्यांची, सोयरीक घेऊन जातात तेव्हाची. हे साथरोग खातं आहे. माझी मुलगी मागायला नाही आलात तुम्ही — साथीचा इशारा मागायला आलात. तोही कशाच्या जिवावर? या आलेखातल्या रेघेच्या. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कुणी पोट धरून आलं, कारकुनानं संगणकात ‘जुलाब’ टिपलं, की तुमची रेघ चढली. हो, दिसतंय मला — सगळे रुग्ण तल्ल अल-करम वस्तीतलेच आहेत. मग? बकरी ईद झाली ना आत्ताच? त्या वस्तीत एरवी मांस दिसत नाही, आणि एकदा मन्सफचं, मटण-भाताचं ताट आलं की शिळं झालं तरी तेच, उन्हात राहिलं तरी तेच. अधाशासारखं खायचं आणि मग पळायचं फुकटच्या औषधाला. दर ईदला बोंबलतं तुमचं यंत्र. त्याला बकरा कळत नाही — मला कळतो.

काय? बाटलीनं दूध पिणारी मुलंही आहेत त्यात? ती मांस खात नाहीत, एवढं मलाही ठाऊक आहे, शिकवू नका. आयांचे हात धुतलेले नसतात — दुसरं काय असणार?

पाणी, पाणी काय लावलंय मघापासून? ऐन सुट्टीत ‘नळाचं पाणी पिऊ नका’ म्हणून जाहीर करायचं, आणि मंत्र्यांचा फोन कुणी घ्यायचा — तुम्ही? आणि पाणी खराब असतं तर सगळेच नसते का पडले आजारी? माझी लेक सौसन तिथेच राहते, त्याच नळावर, घरात तीन लेकरं. कुणाचं साधं पोट दुखलं नाही. का? डोकं वापरतात. गटाराची लाईन फुटल्याचं कळलं त्याच दिवशी फोन केला मी तिला — गच्चीवरची टाकी ओतून टाक, मुलांना दात घासायलासुद्धा ते पाणी —

म्हणजे… उन्हाळा आहे. उन्हाळ्यात टाक्या साफ कराव्यात. कुणीही सांगेल.

असं बघू नका माझ्याकडे. तो कागद घेऊन जा. नाही — राहू दे इथेच. सुट्टी संपली की बघू. या आता, दार ओढून घ्या. आणि ती कॉफी तेवढी प्या, उगाच माझा अपमान नको. प्या हो. बाटलीच्या पाण्याची आहे.