मालकांनी गोड सोडलं ते

(लातूरजवळच्या मुरुडच्या गंगाबाई रेवड्या-बत्तासे करून जत्रांत विकतात. घरच्या ओसरीत बसून त्यांनी सांगितलं, ते त्यांच्याच बोलण्यात.)

बसा, शरणार्थ, आमच्यात राम-राम असाच घालतेत. आता काय सांगू तुम्हाला, माझं माहेर उदगीरकडचं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, आनि लगीन होऊन आले ती ह्या मुरुडात, सरळ कढईसमोर. आमी लिंगायत, सासऱ्यापासून धंदा रेवडी-बत्ताशाचा, जिथं जत्रा तिथं आमचं दुकान. महाशिवरात्रीला हिमायतनगर, मग रेणापूरची देवी, मग कंधारचा उरूस, मधीच नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या वाटंवर. सगळा संसार टेम्पोत बगा. पोरं झोपली ती बी साखरेच्या पोत्यावर. दुपारचं गिऱ्हाईक नसलं की मी पोरगं मांडीवर घेऊन बसायची, डोळे अर्धे मिटायची आनि ऐकत ऱ्हायची, कुठं घंटा, कुठं बांग, कुठं भजन, आनि सगळीकडं ऊद-लोबानाचा आनि करपल्या साखरेचा वास. मला कळायचं बी न्हाई आपन कोनच्या गावाला आलो. विचारायची मालकाला, तर म्हनायचे, झोप गं, देव हाय इथं, एवढं पुरं की.

लोक म्हनायचे, अवो तुमी लिंगायत, कपाळाला विभूती, आनि उरसात दुकान मांडता? मी म्हनायची, बाबा, साखर कारखान्यातनं येती. एकाच कढईतला बत्तासा, देवळापुढं त्याला प्रसाद म्हनतेत, दर्ग्याच्या दारात शिरनी म्हनतेत. आमी निस्ता पुडीचा कागद बदलायचो, तो बी असला तर.

मालक म्हंजी आमचे हे. नाव घेत न्हाई मी, हसू नका. बोलनं लई कमी त्यांचं. बायकोला चांगलं म्हनावं, साडी बरी दिसती म्हनावं, असलं काई न्हाई, नावाला बी न्हाई. पन हात असा, की पाक एकदा भट्टीवर चढला की मानूस देवपूजेला बसल्यावानी. रेवडीचा पाक कसा बगतेत ठाव हाय का? थेंब गार पान्यात टाकायचा, घट्ट झाला की दाताखाली धरायचा. कडकन मोडला तर झाला, दाताला चिकटला तर अजून जाळ पायजे. मग त्या पाकाचा गोळा खुंटीला अडकवून वढायचा, वढायचा, पांढराशिप्पट होईस्तोवर. तर ते दातानं बगायचं काम मालकाचं. सासऱ्यानंतर दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई त्यांनी.

आनि एका पावसाळ्यात त्यांनी ते सोडलं. लई खराब साल ते. आधी लेकीची पोरगी पिंकी, एवढीशी व्हती, तिचा ताप डोक्यात चढला, लातूरला न्हेलं, आठवडाभर डोळा उघडला न्हाई लेकरानं. ती उठली न उठली तवर माझं पिशवीचं ऑपरेशन निघालं नांदेडात, मिशनच्या दवाखान्यात. बाईमानसाचं काय, दुखलंखुपलं, झालं, मी ते मनावर घेतलं न्हाई. दोघी बी घरला आलो. भट्टी पेटली, पाक चढला, आनि मालकांनी पान्यातला थेंब उचलून माझ्यापुढं केला. चाव म्हनले. मी म्हनलं, अवो तुमी चावा की. तर मान हलवली. चहा बिनसाखरेचा, पुरनपोळीच्या दिवशी भाकरी. मी वळखलं, काहीतरी नवस बोलले हायत, फिटंस्तोवर गोड सोडलं. विचारलं तर म्हनले, फिटला की सांगतो. आमच्यात असंच असतंय, बोललेला नवस मधीच सांगायचा न्हाई, सांगितला की त्याचं बळ जातंय. मला वाटलं, पिंकीसाठी हाय, न्हाई तर कुनासाठी? मग किती तरी सालं पाक मीच चावला. मिठाईवाला आनि जिभेला साखर न्हाई, लोक चेष्टा करायचे, म्हातारा साखरेवर रुसला म्हनायचे. कदी कदी म्हनायचे मला, नाताळात एकदा नांदेडला जाऊन येऊ. मी म्हनायची, नाताळात माळेगावची जत्रा असती, दुकान कोन बगंल? तर म्हनायचे, बरं. एवढंच.

मागल्या साली मालकाला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय वढतेत, आनि वाचा गेली. निस्तं आ, आ. आनि लई तळमळ, काय सांगू तुम्हाला, दिवसभर डाव्या हातानं पांघरून चुरगाळत ऱ्हायचं, दाराकडं बगायचं, पुन्हा माझ्याकडं. कुनी प्रसाद आनला की व्हट गच्च. आमचा शिवा, थोरला, म्हनला, अवो आई, लकव्यानं होतंय तसं. म्हनलं, लकवा असता तर भाकरीला बी व्हट मिटले असते. नवस अंगावर हाय ह्यांच्या, आनि कुठं बोललाय ते सांगायला तोंड न्हाई. असंच गेले तर काय करायचं? मला झोप न्हाई. भ्या वाटायचं, वर जाऊन बी हे असंच दाराकडं बगत बसतील.

मग मी पिंकीचं लहानपनचं झबलं काढलं पेटीतनं. ती आता मोठी झाली, लातूरला शिकून राहिली, तिला रजा न्हाई. ज्याच्यासाठी नवस त्याचं कापड उंबऱ्याला लावायचं, तेवा झबलं घेतलं, बत्ताशाची पुडी घेतली, शिवाला म्हनलं काढ टेम्पो. जिथं जिथं आपलं दुकान लागलं, तिथं तिथं चला. देवांची नावं घेऊन विचारलं तर मालक मान बी हलवीनात, म्हनलं ज्या दारात हे गोड घेतील तेच नवसाचं दार.

रेणापूरला देवीपुढं झबलं ठेवलं, बत्तासा व्हटाला लावला. न्हाई. हिमायतनगरला महादेवाच्या गाभाऱ्यात, म्हनलं आपला देव हा, इथंच असंल, गार फरशी, पिंडीवर थेंब थेंब पानी, मालक कितीतरी येळ त्या थेंबाकडं बगत बसले, मला बी गुंगी आली बगा, वाटलं आमी दोघं बी त्या पान्यातच बसलोय. व्हट न्हाई उघडले. कंधारच्या दर्ग्यात चादरीला हात लावला त्यांनी, मुजावरानं मोरपिसं डोक्यावरनं फिरवली, मालक हसले. लई दिवसांनी हसले. म्हनलं गावलं! बत्तासा म्होरं केला, तर मान फिरवली.

नांदेडला पोचलो तवा दिवस मावळू राहिला व्हता. मशिदीच्या दारात बाया लेकरं घेऊन उभ्या, हिंदूच्या बी, मुसलमानाच्या बी, नमाज पढून मानसं भायेर येतेत आनि लेकरावर फुंकर घालतेत, ठाव हाय न तुम्हाला, माझी तिन्ही पोरं त्या फुंकरीवर वाढली. त्या बायांच्यात मी ह्यांना धरून उभी, सगळ्यांच्या कडंवर तान्ही लेकरं आनि माझ्या खांद्याला हे एवढं मोठं लेकरू. एक म्हातारे बाबा आले, थांबले, म्हनले, इनको क्या हुआ अम्मा? म्हनलं बाबा, वाचा गेली. त्यांनी डोळे मिटून काही पुटपुटलं आनि तोंडावर फुंकर घातली, अत्तराचा वास आला, मालकाच्या डोळ्यातनं पानी. सगळं कसं गार झालं, रस्त्यावरच्या रिक्षा बी हळू चालल्यागत वाटलं. पन बत्तासा? न्हाई. सकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो, डाळ-रोटी निवांत जेवले, खीर आली तर ताट सरकवलं. मी तिथंच रडले. म्हनलं, आता कुठं न्हेऊ, सगळी दारं सरली.

घरला निघालो. शिवानं गर्दी चुकवाया टेम्पो दुसऱ्या रस्त्यानं घातला, आनि मालक डाव्या हातानं काचेवर ठोकू लागले. आ, आ. शिवानं गाडी थांबवली. बगते तर मिशनचा दवाखाना. म्हनलं दुखतंय का? तर मानेनंच न्हाई. दवाखान्यात न्हाई जायाचं, त्याच्या मागं, बोटानं दावू लागले. मागं एक लहानसं चर्च, म्होरं निंबाची सावली, मारियामातेची निळ्या पदराची मूर्ती, आनि खाली मेनबत्त्या. आमचं दुकान तिथं कदी लागलं न्हाई, म्हनून माझ्या ध्यानात ते दार आलंच न्हाई. एक सिस्टर झाडून काढू राहिली व्हती, ती म्हनली, या आजी, बसा.

मी मेनबत्ती घेऊन मालकाच्या हातात दिली आनि झबलं मूर्तीपुढं ठेवाया वाकले. तर ह्यांनी काय करावं, झबलं उचललं आनि माझ्या पिशवीत कोंबलं. ती मेनबत्ती माझ्या हातात दिली. माझी बोटं मिटवली तिच्यावर एकेक करून, त्या एका हातानं. आनि माझ्या पाठीवर हात ठेवून मला म्होरं ढकललं.

तेवा मला कळलं. पिंकीसाठी न्हवतंच. ऑपरेशनात माझी भूल लवकर उतरली न्हवती, रक्त लई गेलं व्हतं, लेकीनं मागून सांगितलं व्हतं मला, मी म्हनलं व्हतं, असंल. ह्यांनी तिथं मागं येऊन, ह्या परक्या मातेपुढं, विभूती लावलेलं कपाळ टेकून सांगितलं असंल, ही उठू दे, हिला घेऊन येतो, हिच्याच हातानं दिवा लावतो. आनि तवर गोड न्हाई. माझ्यासाठी वो. ज्यानं मला कदी साडी बरी दिसती म्हनलं न्हाई, त्या मानसानं.

मेनबत्ती लावता येईना, काडी इझू राहिली, सिस्टरनं माझा हात धरला. मागं फिरून बत्तासा म्होरं केला. मालकांनी तोंड उघडलं. चिमनीच्या पिल्लावानी, बगा. चावला न्हाई, निस्ता जिभेवर धरला, डोळे मिटले, आनि तो इरघळंस्तोवर उघडले न्हाईत. शिवा भिताडाकडं तोंड करून उभा व्हता.

आता रोज सकाळी चहात साखर घेतेत. तळमळ सरली, पांघरून चुरगाळत न्हाईत, दाराकडं बगत न्हाईत. दिवसभर शांत झोपून असतेत, ह्या ओसरीला, तुमी आलात तवा बगितलं न तुमी? कुनी म्हनतंय, गंगाबाई, पुण्य केलं, नवस फेडला, सुटला बिचारा. मी हाव म्हनते. मोठ्या देवांनी केलं सगळं, समद्या दारांनी मिळून केलं, तुमच्या बी लेकराबाळाला ते दार उघडं ऱ्हावं. पन खरं सांगू? अंगावर नवस व्हता तवर हे मानूस कुठं जानार न्हवतं, मला ठाव व्हतं. आता ते कुनाचंच काही देनं लागत न्हाईत. झोपले की मी जवळ जाते, हळूच नाकापुढं हात धरते. श्वास लागला हाताला, की मग भट्टी पेटवते.