विहिरीपासूनची पावलं

पासष्टची लढाई थांबून साडेतीन महिने झाले होते. बंगळूर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत हेमलता उभी होती आणि तिच्या पाठीमागं एक म्हातारी आपल्या फौजी लेकाशी हुज्जत घालत होती.

“लढाई संपली म्हणतोस, मग तार कशाला आली?”

“शेतात सुरुंग पुरलेत आई. ते काढायचेत.”

“काढतील दुसरे. तू स्वल्प थांब. संक्रांत झाल्यावरचं तिकीट काढ.”

“दुसऱ्यांना जागा ठाऊक नाहीत.”

“सरकारात नकाशा असेलच की!”

“नकाशा जीपमध्ये होता. जीप जळाली.”

“मग तुझ्या जोडीचा तो शिवण्णा जाईल.”

“शिवण्णा त्याच जीपमध्ये होता.”

रांग दोन माणसं पुढं सरकली. हेमलतानं मागं वळून पाहिलं नाही.

“तुला तरी काय आठवणार आहे, हणमंता?”

“विहिरीपासून पावलं मोजत पुरलेत. पावलं माझी होती, मीच टाकली तर जुळतील.”

“आणि एक चुकलं तर?”

“म्हणून तर दुसऱ्याला पाठवता येत नाही.”

“शेत कुणाचं आहे?”

“त्यांच्या मुलखातलं. गाव ओस पडलं होतं, आता माणसं परतायला लागलीत.”

“पोराबाळांना घेऊन?”

“पोराबाळांना घेऊनच येणार ना, आई.”

मग हेमलताच्या खांद्याला म्हातारीचा हात लागला.

“बाई, आम्हाला पुढं सोडता का? याला आजचीच गाडी गाठायची आहे.”