पायातल्या म्हाताऱ्या नळ्या

१९८२ साली वर्धेच्या बसस्टँडवर प्रमोदिनीबाई पुलगावच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. दवाखान्यातून आलेलं एक म्हातारं जोडपं शेजारी टेकलं. त्यांचं बोलणं बाईंच्या कानावर पडू लागलं.

"डॉक्टर काय म्हने जी?" दवाखान्याबाहेरच थांबलेल्या म्हातारीनं विचारलं.

"पायातल्या रक्ताच्या नळ्या म्हाताऱ्या झाल्या म्हने."

"नळ्या कशा म्हाताऱ्या होतीन?"

"नळीले आतून बारीक पेशींचं अस्तर असते. एक झिजली का शेजारची नवी तयार करते. वय झालं का ते जमत नाई. म्हातारी पेशी मरतबी नाई, बसल्या जागी शेजारच्याइले तरास देते. मंग तिथं चरबी साचते, नळी अरुंद होते."

"तुमच्यावरच गेल्या."

"हास तू. चाललो का पोटरी भरून येते, रगतच पोचत नाई."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले घोर लागला असता, आनंदे."

"अन् मले वाटे, तुमाले माह्यासंगं चालाची लाज वाटते. मी पुढं निंघाली का तुमी मागंच."

"लाज? अवं, तुले गाठनंच होत नवतं."



"औषद काय देल्लं?"

"बिडी बंद. अन् रोज चालाचं. दुखलं का थांबाचं, मंग पुन्हा चालाचं."

"आना ते बंडल इकडं."

"आत्ताच?"

"आत्ताच."

गाडी पार पलीकडच्या टोकाला लागली. सगळे धावले. म्हातारा अर्ध्या वाटेत थांबला, तशा पुढे गेलेल्या आनंदाबाई मागे फिरल्या.

"तू जाय, जागा धर. गाडी सुटन."

"सुटू द्या. दुसरी येईन."