एकच मास्तर, एकच यंत्र आणि माझ्या दोन नातसुना

अध्यक्षस्थानी बसलेल्या मालकीणबाई, शेजारचे मानाचे पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आज हा हार आणलाय ते आपले मास्तर, आणि या धुलाईखान्यात राबणाऱ्या माझ्या लेकी-सुनांनो, लेकांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे कागद बघून बोलायची सोय नाही. लांबलं तर खोका, मी समजून घेईन.

माझ्या दोन नातसुना इथं इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर आहेत. थोरली त्या खांबाजवळ बसलीय, आत्तापासूनच डोळे वटारतेय. धाकटी तिच्या पाठीमागे लपलीय. दोघींना मास्तरांनी एकाच वेळी शिकवलं. ओली चादर, दोन टोकांना दोन बाया, दोघींनी एकदम तापलेल्या रुळाखाली लावायची. एकीचा हात आधी गेला की चादर तिरकी, आणि तिरकी गेली की सुरकुती पक्की. शिकताना या दोघी समोरासमोर. चादरी अशा निघायच्या, की दृष्ट काढावी!

पण खऱ्या कामाला लागल्या, पाळ्या वेगळ्या झाल्या, आणि धाकटीची प्रत्येक चादर वाकडी. मालकीणबाईंनी सांगितलं, "आठवडाभर बघते, नाहीतर दुसरी बाई घेते." त्यांचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक का सुरकुत्यांवर झोपणार आहे?

धाकटीची ही पहिली नोकरी. साऱ्या गोतावळ्याला सांगून आलेली. घरी नळ सोडून रडायची, म्हणजे आम्हाला वाटावं भांडी घासतेय. त्यात थोरलीचं सुरू, "अगं, एकाच मास्तरांकडे शिकलो ना? मग मला कसं जमतं?"

प्रश्न बरोबर होता हो. शिकवणं एक, यंत्र एक, मग हात दोन तऱ्हेचे कसे?

मास्तरांनी ना तिला रागावलं, ना धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. ते स्वतः चादरीचं दुसरं टोक धरून तिच्या समोर उभे राहिले. हात कोणाचाच पुढं जाईना. रूळ आपला फिरतोय, चादर ठिबकतेय, दोघांच्या पायाशी तळं.

शेवटी मास्तर म्हणाले, "काय गं, लावायची नाही का?"

"तुमची वाट बघतेय."

"आणि शिकताना कोणाची बघायचीस?"

"जाऊबाईंची."

घ्या! पोरगी यंत्र शिकलीच नव्हती, जाऊ शिकली होती. आमच्याकडे हंडा उचलायचा तरी थोरलीचा हात आधी, धाकटीचा मागून. ते वळण घेऊनच ती इथं आली. आणि थोरली काय कमी? ही कोणासाठी थांबतच नाही, म्हणून तिच्या जोडीदारणी कुरकुरायच्या. तिलाही मास्तरांनी ऐकवलं, "बाई, समोर माणूस आहे, खुंटी नाही." डोळे वटारू नकोस गं, खरं तेच सांगतेय.

मग रोज पाळी संपली की मास्तर धाकटीसमोर उभे राहायचे. अट एकच, तिनं "लावा" म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. आधी आवाजच फुटेना. एके दिवशी मात्र अशी ओरडली "लावा!" की हिशेबनीस आतून धावत आले, काय पेटलं म्हणून. चादर सरळ गेली. मालकीणबाईंनी यंत्राच्या दुसऱ्या बाजूनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे हिला."

मास्तर, धडा तुम्ही सगळ्यांना सारखा दिलात. पण कोणी वाफेला घाबरते, कोणी बुटकी असते, कोणाचं चित्त घरच्या तान्ह्यापाशी. तो धडा कुठं अडतो, हे बघायला तुम्ही थांबलात. आता सुखानं घरी जा. मात्र बायकोला इस्त्री शिकवायला जाऊ नका, संसार टिकवायचाय.

मालकीणबाईंचे आभार, ऐकून घेतलंत म्हणून तुमचेही. जीभ घसरली असेल तर म्हातारीला पदरात घ्या.

एवढं मात्र सांगते. काल धाकटी म्हणाली, "आजी, मास्तरांना माझ्या वतीनं तुम्हीच चार शब्द सांगा." मी हो म्हटलं. खोटं म्हटलं. तिच्या वाटचं मी काहीही बोललेले नाही.

ऊठ गं. थोरले, सरक बाजूला, तिला वाट दे. हा माईक घे, आणि माझ्याकडे बघू नकोस.