संध्याकाळची बस, सर्वानुमते बंद

(विद्यापीठाच्या जंगलाकाठच्या आवारातलं वाचनालय. पायऱ्यांवर दोन मुली. थंडीचे दिवस, सूर्य नुकताच मावळलेला.)

तबस्सुम: म्हंजे तू त्या बैठकीत बसून होती, अन् एक अक्षर बोल्ली नाई?

चंचल: नाई बोल्ली.

तबस्सुम: अगं चंचल, मग तुले समितीवर नेमलं कशाले? विद्यार्थी प्रतिनिधी म्हनून ना? आपल्या बाजूनं बोलनारी तू एकटी. अन् तुह्यासमोर त्यांनी आपली वसतिगृहाची बस बंद करून टाकली.

चंचल: मले वाटलं, अजून बंद झालीच नाई.

तबस्सुम: मतलब?

चंचल: आमच्या गावी, धानोऱ्याकडं, ग्रामसभेत असं नसते. समदे बोलतात, अन् जो गप्प बसला त्याले शेवटी विचारतात, तू काऊन गप्प? तो हाव म्हनेपर्यंत ठराव होत नाई. एकदा तेंदूपत्ता विकायची गोष्ट कमळाबाईसाठी अडकली होती. बाई नुसती पदर तोंडाले लावून बसली. सभा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली, पन तिले सोडून कोनी पुढं गेलं नाई.

तबस्सुम: अन् इथी?

चंचल: इथी संचालक सर म्हनले, गाडी परीक्षेच्या कामाले लागते, वसतिगृह काही लांब नाई, मुली पायी जातील. मी मान खाली घालून बसली. म्हनलं, आता मले विचारतील, मंग सांगीन. तेवढ्यात चहा आला. सर म्हनले, ठीक आहे, सर्वानुमते. अन् पुढचा विषय घेतला.

तबस्सुम: वा. चाय आली अन् बस गेली.

चंचल: हासू नोको.

तबस्सुम: हासून नाई राह्यली यार. मले डर लागून राह्यला. सकाळी बांबूच्या वळनावर वाघाचे पंजे पाह्यले ना आपन? चौकीदार बिरजूभाऊ म्हने, ताजेच आहेत. मागच्या हप्त्यात पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर कोनाचा तरी गोऱ्हा नेला. आमच्या भद्रावतीत अब्बा सांजच्याले दुकानातून घरी येतात तर रस्ताभर लाइट असते. इथी काय आहे? एक खांब, अन् तोही बंद.

चंचल: थांब. ऐक.

तबस्सुम: काय?

चंचल: चितळ ओरडलं.

तबस्सुम: पाखरू असंल.

चंचल: पाखरू नाई. बांबूकडूनच आला आवाज. पाह्य, पुन्हा ओरडलं. त्याले काहीतरी दिसून राह्यलं.

तबस्सुम: या अल्ला.

चंचल: मावशी मोहफुलं वेचाले गेली होती, तवा बी असंच ओरडलं होतं. मी लहान होती. आम्ही पोरंसोरं त्याची नक्कल करत होतो. आधी तिची टोपली सापडली.

तबस्सुम: नको सांगू गं. हात दे तुहा.

चंचल: आतमधी पहिल्या वर्षाच्या पोरी आहेत. त्याइले तर बस बंद झाली हेही माहीत नाई.

तबस्सुम: बिरजूभाऊ आता कुलूप घेऊन येईल. मग त्या बाहेर निघतील, अन् सरळ त्याच रस्त्यानं जातील.

नीलिमा: कोण आहे तिथे? चंचल? तबस्सुम? अंधारात काय करताय?

तबस्सुम: नीलिमा मॅडम, बरं झालं तुम्ही आल्या. पायी जायाचं आहे म्हने आता आम्हाले.

नीलिमा: हो, आजपासून. सूचना लावायची राहिली.

चंचल: मॅडम, तुम्ही बी होत्या ना बैठकीत. इतिवृत्त तुम्हीच लिवता.

नीलिमा: सचिव आहे ना मी. लिहावंच लागतं.

चंचल: सर्वानुमते, असं लिवलं?

नीलिमा: कुणी विरोध केला नाही, चंचल. बैठकीत गप्प राहिलं की संमती धरतात. ही रीतच आहे.

चंचल: पन मी संमती देल्ली नाई.

नीलिमा: मग तेव्हाच बोलायचं होतंस.

चंचल: भेव वाटलं मॅडम. एवढं मोठं टेबल, भोवती समदे साहेब. मले सरांनीच नेमलं, अन् वसतिगृहाची जागा बी त्याइनच देल्ली. ती गेली तर मले गावी जा लागते. धानोऱ्याहून रोज येनं होत नाई. बाबा म्हनतील, झालं तितकं शिक्षन पुरे. पन तुम्ही काऊन नाई बोल्ल्या?

नीलिमा: माझी गोष्ट वेगळी आहे.

तबस्सुम: कशी मॅडम?

नीलिमा: कंत्राटी आहे मी. दरवर्षी नवा आदेश निघतो, आणि त्यावर सही त्यांचीच असते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मुलगी शाळेत आहे, आणि मिळवणारी मी एकटी. तोंड उघडायच्या आधी हे सगळं डोळ्यांपुढे येतं. झालं समाधान? चला, मी एकेकीला स्कूटीवर सोडते.

चंचल: आत अजून पोरी आहेत. किती फेऱ्या मारसाल? अन् दर वेळी परतताना त्या वळनावर तुम्ही एकट्याच राहसाल.

तबस्सुम: मॅडम, तिकडं चितळ ओरडून राह्यलं.

नीलिमा: कुठे? मला नाही ऐकू आलं.

चंचल: गप्प राहून ऐका.

नीलिमा: अरे देवा. हे तर जवळच आहे.

चंचल: आज तुम्ही सोडसाल. उद्या कोन सोडंल? एखादी पोरगी घाईत एकटीच निघंल. तिचं काही झालं तर ठराव काढतील, अन् त्यात माह्यं नाव राहील, हजर म्हनून. तुमची तर सहीच राहील. माही मावशी गेली, पन निदान कोनाच्या ठरावानं नव्हती गेली.

नीलिमा: असं बोलू नकोस गं.

चंचल: खोटं आहे का?

नीलिमा: खोटं नाही. पण आता करणार काय? बैठक संपली. पुढची संक्रांतीनंतर.

चंचल: सरांले फोन लावतो.

तबस्सुम: अन् ते ऐकतील तुह्यं?

चंचल: सांगून पाह्यतो. तू आत जा, पोरींले सांग, बाहेर पाय टाकू नका. अन् बिरजूभाऊले म्हन, कुलूप राहू द्या.

तबस्सुम: जाते. पन तुम्ही दोघी दाराजवळ या. उजेडात उभ्या राहा.

नीलिमा: चंचल, विचार कर. जागा जाईल तुझी.

चंचल: केला मॅडम. लागला फोन. हॅलो. सर, मी चंचल, विद्यार्थी प्रतिनिधी. हो सर, ऑफिसची वेळ संपली, माहीत आहे. सर, बस बंद करायच्या ठरावाले माझी संमती नव्हती. नाही सर, तेव्हा नाही बोल्ली. माझं चुकलं. आता बोलून राह्यली. सर, इथी बांबूत वाघ आहे. डोळ्यांनी नाही पाह्यला सर. चितळ ओरडून राह्यलं. नाही सर, मुली भित्र्या नाहीत. सकाळी पंजे होते. बस पाठवा, इतकंच म्हनतो. नाही सर, मले कोनी शिकवलं नाही. हो. हो सर, वसतिगृहाचं समजलं. मग माझी जागा घ्या सर, पन बस पाठवा. एक मिनिट.

नीलिमा: काय म्हणताहेत?

चंचल: म्हनतात, पोरींच्या सांगन्यावर गाडी निघत नसते. समितीचं कोनी मोठं मानूस तिथी असंल अन् ते सांगत असंल, तर पाठवतो. कोन आहे, नाव सांग म्हनतात.

नीलिमा: बरं.

चंचल: मॅडम, तुमच्या घरचं मले समजते. कोनी नाई म्हनून सांगू का?

नीलिमा: मग गाडी येणार नाही.

चंचल: नाई येनार.

नीलिमा: माझं नाव सांग. नीलिमा मॅडम इथे उभ्या आहेत, आणि त्यांचीही संमती नव्हती, असं सांग.

चंचल: तुम्हीच बोला ना मॅडम. घ्या.

नीलिमा: दे इकडे. हॅलो सर, मी नीलिमा. इथेच उभी आहे, आणि माझीही संमती नव्हती.