जोडीनंच नाव द्यायचं म्हणे!

...आणि वर म्हणतात, गळ टाकून बसलं की मनाला शांती मिळते! शांती? अहो, कुणाच्या मनाला? तुम्हाला सांगतो, ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं ना, त्याला आमच्या विठोजीच्या शेजारी आनेकलच्या तळ्यावर एक रविवार बसवा, धडधाकट परत आला तर मिशी उतरवीन!

विठोजी कोण? आनेकलच्या एका कारखान्यात लेथ चालवतो, वय बावन्न, घराणं तीनशे वर्षांपासून बंगळुरातलं, बोलतो मराठी पण रागावला की कन्नड, आणि रागावलेला तो सदानकदा, त्यामुळं मराठी कधी बोलतो हाच प्रश्न! तर या माणसाच्या हाती गेल्या महिन्यात एक कागद पडला. देवनहळ्ळीच्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा, पहिलं बक्षीस जपानी रीळ! रिळाचा फोटो बघून विठोजीच्या डोळ्यांत पाणी आलं हो, स्वतःच्या लग्नात आलं नव्हतं! पण खाली अट... प्रवेश जोडीनंच. झालं! तिथंच माशी शिंकली. आता नाव द्यायचं, की नाही द्यायचं?

कारण जोडी होती ना, पूर्वी. मेहुणा! विठोजीच्या बायकोचा, राजलक्ष्मीचा, धाकटा भाऊ यशोवर्धन. कणकेत पेंड कालवून असा चारा मळायचा की मासे काय, काठावरची माणसं वळून बघायची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळाला अकरा किलोचा कटला लागला (आता अकरा किलो कुणी मोजला, तो तर निसटला, पण ते असू दे!) आणि विठोजीनं खालून जाळं लावलं ते जरा, जरासंच, उशिरा लावलं. दोरी तुटली. यशोवर्धन म्हणाला, ‘‘भावोजी, साधं जाळं धरता येत नाही, माझ्या अक्काला काय सांभाळणार?’’ असं बोलतात का? विठोजीनं जाळ्याचा दांडा हाणला त्याच्या कपाळात, त्यानं जेवणाचा डबा हाणला विठोजीच्या थोबाडावर, चार पुडांचा, भरलेला! दोघं चिखलात, एकमेकांच्या उरावर. तिकडं भुवईला सात टाके, इकडं पुढचे दोन दात तळ्यात. तेव्हापासून बोलणं बंद. आणि बंद म्हणजे कसं, यशोवर्धननं अक्काचासुद्धा फोन उचलणं सोडलं! दोन वर्षं भाऊबीजेला राजलक्ष्मीनं ताट मांडलं, दोन्ही वेळा निरांजन तसंच विझलं. एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा तिनं ते ताट डोक्यात घातलं असतं तर विठोजीला बरं वाटलं असतं!

आता अशा माणसाला कुठल्या तोंडानं विचारणार? नाव द्यायचं, की नाही द्यायचं?

मग धरला कारखान्यातला पद्मनाभ. स्वभावानं गाय, आणि रक्त दिसलं की घेरी! विठोजी म्हणाला, ‘‘काही नाही रे, काठी मागं न्यायची आणि पुढं फेकायची.’’ त्यानं मागं नेली, पुढं फेकली, मध्ये विठोजीचा कान आला त्याला तो बिचारा काय करणार? गळ कानातून आरपार! विठोजी बोंबलतोय ‘‘बिडो, बिडो! सोड!’’ आणि पद्मनाभला वाटलं, पहिल्याच फटक्यात मासा लागला! तो ओढतोय! मग त्याला रक्त दिसलं आणि तो धाडकन आडवा झाला... काठी हातात घट्ट धरून! म्हणजे कानही त्याच्याबरोबर खाली! डॉक्टरनं पकडीनं गळ कापून काढला.

घरी आला तर राजलक्ष्मी विळीवर बांगडे कापत बसलेली. पट्टी बघून म्हणाली, ‘‘सुम्ने उगाच लोकांच्या मागं का फिरता? माझ्या भावाला विचारा.’’

‘‘मेलो तरी नाही!’’

खच्च! बांगड्याचं डोकं एकीकडं, धड एकीकडं.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘नाही... म्हटलं, शनिवारी जातो.’’

शनिवारी सकाळी विठोजी स्कूटरवरून कोरमंगलात. यशोवर्धन तिथं एका पीजीचा मॅनेजर, दारातच टेबल टाकून बसलेला. ‘‘बसा.’’ ‘‘बसतो.’’ ‘‘कान?’’ ‘‘मासा.’’ ‘‘अस्सं.’’ चहा आला. विठोजीनं फॉर्म पुढं सरकवला. इथवर सगळं सोन्यासारखं, हं! पण फॉर्मावर दोन रकाने... वर ‘स्पर्धक’, खाली ‘मदतनीस’. दोघांनी एकदम पेन धरलं.

‘‘मदतनीस तुम्ही.’’

‘‘मी? अरे, मोठा कोण?’’

‘‘दात मोजून सांगू?’’

संपलं! विठोजीनं कॉलर धरली, यशोवर्धननं टेबलावरून उडी घेतली, वीस लिटरचा पाण्याचा कॅन फुटला, घसरून दोघं सपाट, चपला, खुर्ची, रजिस्टर, जे हाताला लागेल ते डोक्यात! जिन्यावरून पोरीपोरं मोबाइलवर शूटिंग करतायत, एक मुलगी म्हणते, ‘‘अंकल, प्लीज हळू मारा ना, माझी मीटिंग चालू आहे!’’ शेवटी विठोजीची मान यशोवर्धनच्या काखेत, यशोवर्धनची पोटरी विठोजीच्या उरल्यासुरल्या दातांत... आणि जमिनीवर पडलेला यशोवर्धनचा फोन वाजला. ‘अक्का’. नेहमीसारखा वाजू दिला त्यानं. पण विठोजीचा एक हात मोकळा होता. ते निरांजन त्याला आठवलं की काय कुणास ठाऊक, बोट लांब करून त्यानंच फोन घेतला, स्पीकरवर!

‘‘यशू?’’

सगळं थांबलं. विठोजीनं पोटरीसुद्धा सोडली.

‘‘...हां, अक्का.’’

‘‘ते पोचले?’’

‘‘पोचले.’’

‘‘मारामारी करताय?’’

‘‘नाही, अक्का.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘स्वल्प.’’

पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज. ‘‘किती जाड झालाय रे आवाज तुझा... दोघं जेवायला या.’’

यशोवर्धननं मान सोडली. तोंड फिरवून ओल्या बाहीनं डोळे पुसले, आणि विठोजीनं, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला हात देऊन उठवलं.

दुपारी राजलक्ष्मीनं दोघांना एकाच पंगतीला बसवलं, मध्ये स्वतः बसली, भिजलेला फॉर्म गरम तव्यावर वाळवला आणि स्पर्धक म्हणून भावाचं नाव लिहून टाकलं. विठोजीच्या तोंडात भात, हरकत घेणार कशी? मग तिनं तळाची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली, ‘‘धरलेला मासा वजन करून जिवंत पाण्यात सोडावा. त्याच्या ओठाला, कल्ल्याला वा अंगाला इजा झाल्यास जोडी बाद. माशांच्या उपचारासाठी काठावर डॉक्टर हजर राहतील.’’

विठोजीनं घास गिळला. ‘‘आणि माणसांच्या?’’

तिनं कागद उलटून पाहिला. ‘‘माणसांचं काही लिहिलेलं नाही.’’

‘‘सरी, ठीक आहे,’’ म्हणाला विठोजी, आणि मदतनिसाच्या रकान्यात सही केली.